बाबा अराबा खाली बसले

खोरं बाईच्या हातात दिसलं की ओकेरेमीत माणसं आधी हसतात आणि मग तिच्या नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतात. म्हणून अयोका फटफटायच्या आत शेताची वाट धरायची. नवरा ओजेदिरान पुढे, खांद्यावर खोरं टाकून, चांगल्या ताठ मानेनं. ती मागे, डोक्यावर टोपली घेऊन. गावाची शेवटची भिंत मागे पडली, वाटेवर कुणी नाही असं दिसलं, की खोरं तिच्या हातात यायचं. मग तो काजूच्या झाडाखाली टेकायचा आणि ती माती ओढायला लागायची.

कोनफळाचं बियाणं नुसतं पुरून भागत नाही. एकेका बियाण्याला गुडघ्याएवढा मातीचा ढीग लागतो, आणि तो ढीग रचायचा पुरुषानं. बायांनी बियाणं वाहावं, काढणीला ओझी आणावीत, बाजारात बसून भाव करावा. खोऱ्याला हात लावू नये. ओजेदिरानचे ढीग एके काळी लांबून ओळखू यायचे, इतके भरदार आणि एका ओळीत असायचे. पण यंदाच्या थंडीत, धुळीचा वारा सुटला होता तेव्हा, त्यानं जे अंथरूण धरलं, ते सोडलं तरी छातीतली घरघर काही गेली नाही. एक ढीग रचला की ओठ काळे पडायचे. दुसरा रचता रचता तो खोऱ्यावरच ओणवा व्हायचा.

"माती फेकू नको, ओढ," तो झाडाखालून सांगायचा.

"ओढतेच हाय. तुम्ही बोलू नका, दम लागंल."

"बसल्या जागी बोलायला कसला आलाय दम?"

लागायचा. ती पाठमोरी असली तरी तिचा एक कान तिकडेच असायचा. वाक्य संपलं की तो श्वास कसा ओढतो, मध्ये कुठं अडकतो, हे तिला स्वतःच्या पोटात कळायचं.

सुरुवातीच्या दोन सरी पडल्या, लोकांनी बियाणी लावली आणि पावसानं जे तोंड फिरवलं, ते फिरवलंच. ढिगांवर वाळक्या गवताच्या टोप्या घातल्या, गवत उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवलं, तरी आतलं बियाणं सुकत चाललं. अयोकानं एक ढीग उकरून पाहिला. कोंब आला होता, पण म्हाताऱ्याच्या बोटासारखा सुरकुतला होता. तिनं तो गपचूप पुन्हा झाकला.

झऱ्यावर पाण्यापेक्षा बायका जास्त झाल्या होत्या. थोरली जाऊ मोरेनिके आपल्या घागरीवर बसून सगळ्या गावाचा निवाडा करायची. तिचा नवरा लागोसला बंदरावर हमालीला गेला तो परतलाच नव्हता, त्यामुळं दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे तिचं बारीक लक्ष असे.

"काय गं अयोका, तुमच्याकडचे ढीग यंदा बुटके झाले म्हनं."

"माती कडक हाय, अक्का."

"माती कडक हाय का मानूस मऊ झालाय?" बायका हसल्या. मोरेनिकेनं तिचे तळहात पाहिले असते, तर हसण्यावारी गेलं नसतं. अयोकानं हात ओल्या फडक्यात गुंडाळले आणि घागर डोक्यावर घेतली.

त्याच संध्याकाळी अलाग्बा घरी आला. गावातल्या सगळ्या घराण्यांचे पूर्वज ज्याच्या शब्दानं बाहेर निघतात आणि ज्याच्या शब्दानं परत जातात, तो हा म्हातारा. काठी, पांढरी टोपी आणि कुणाच्याच तोंडाकडे न बघता बोलायची सवय. ओसरीवर बसून त्यानं पाहुण्यापुढं ठेवतात ती कडू कोलाची बी फोडली, एक फोड चघळली, आणि बायकांना मागच्या अंगणात जायला सांगितलं.

अयोका मागे उखळात कोनफळ कुटत होती. बायकांनी ऐकू नये म्हणून पुरुष हळू बोलत होते, पण काय बोलत असतील ते ओसरीतल्या खांबालाही कळलं असतं. पाऊस नाही. शकुन पाहणाऱ्यानं शकुन पाहिला. बाबा अराबा कित्येक वर्षांत निघाले नाहीत. त्यांनी गावातून राजवाड्यापर्यंत चालत जावं आणि राजाला आशीर्वाद द्यावा, असं निघालं.

बाबा अराबा म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष. त्याला मरून किती पिढ्या झाल्या ते कुणी सांगत नाही, कारण तो मेला असं कुणी मानत नाही. घराण्याच्या लेकींनी वर्षानुवर्षं शिवून वाढवत नेलेल्या कापडांच्या थरांत तो येतो. मखमल, जुनी निळी पातळं, कवड्या, कातडी पट्टे. नखसुद्धा उघडं दिसत नाही. ते सगळं उचलायला दोन पुरुष लागतात. आत कोण असतं, हे बाईनं विचारायचं नाही. आत कुणी नसतंच, बाबाच असतात. आजवर बाबा निघाले, त्या त्या दिवशी मोरेनिकेचा नवरा नेमका परगावी गेलेला असायचा. आता तो कायमचाच परगावी होता, आणि त्या रक्ताचा दुसरा पुरुष घरात एकच उरला होता.

अलाग्बा गेल्यावर ओजेदिरान मागे आला.

"मला ओग्बोमोशोला जावं लागतंय," तो म्हणाला. "बियान्याचं बघायला. चार दिवस लागतील."

अयोकानं मुसळ उखळात तसंच उभं धरलं. "कवा निघायचं?"

"उद्या."

"पायी?"

"पायीच."

"लई लांबची वाट हाय," ती म्हणाली. "आन् ऊनबी लई."

"आमच्या घरची वाट हाय. दुसरं कोन जानार?"

हे बोलताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि तेच तिला सहन होईना. खोरं हातातून गेलं तेव्हापासून हा माणूस मान खाली घालून जगत होता. आता कुणीतरी त्याला पुरुषासारखं काहीतरी सांगितलं होतं. तिनं 'जाऊ नका' म्हटलं तर कुठं जाऊ नका, हे सांगावं लागलं असतं. ज्या बाईनं ते तोंडावाटे काढलं, तिला या गावात कुणी आगसुद्धा दिली नसती.

म्हणून तिनं मुकाट्यानं शिदोरी बांधली. पानात गुंडाळलेल्या मक्याच्या वड्या, चवळीची भजी, सुकी मासळी. चार दिवसांचं खाणं बांधलं, आणि ते घराच्या मागं, गवती पडदा लावलेल्या झाडीपर्यंतच जाणार होतं. जिथं बायकांनी पाऊल टाकायचं नाही अशी ती झाडी तिच्या चुलीवरून दिसायची.

"वाटंत दम लागला तर बसा," ती म्हणाली. "वाटसरूनं बसन्यात काय लाज न्हाई."

"त्या वाटंत बसायला न्हाई मिळत, बोसेदेच्या आई." त्यानं शिदोरी उचलली. लेक बोसेदे ओसरीत खेळत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो निघाला. रस्त्याकडे जायचं म्हणून आधी रस्त्याकडे गेला आणि मग घराला वळसा घालून मागे. अयोकानं मुद्दाम चुलीत तोंड घालून फुंकर मारली, म्हणजे डोळ्यांत पाणी कशानं आलं ते कुणी विचारू नये.

बाबा अराबा निघाले त्या दिवशी ऊन सकाळपासूनच अंगावर आलं होतं. ढोल घुमायला लागले. पोरं वेताच्या छड्या घेऊन पुढे पळत सुटली आणि बायका भिंतींना चिकटल्या. झाडीतून बाबा बाहेर आले तेव्हा सगळ्या गावाचा एकच आवाज झाला. केवढे ते! चालत्या घरासारखे. गिरकी घेतली तशी कापडं चहूबाजूंनी उडाली, आणि तो वारा अंगाला लागला तर बाधतो म्हणून माणसं मागं सरली.

बाबांच्या पुढे लामिदी होता. हा ओजेदिरानचा मानलेला चुलतभाऊ, दोरी आणि छडी घेऊन बाबांना वाट दाखवणारा. बाबांचा आवाज घोगरा, घशातल्या घशात खरवडणारा. तो लोकांना कळत नाही. लामिदी कान लावून ऐकतो आणि बाबा काय म्हणाले ते मोठ्यानं सांगतो. लामिदी अयोकापेक्षा वयानं लहान, पण ती लग्न होऊन आली तेव्हा तो घरात जन्मलेला होता, म्हणजे रीतीनं तोही तिचा धनीच. ती त्याला गुडघे टेकून नमस्कार करायची आणि तो तिला आमची बायको म्हणून चिडवायचा.

दुसरी गिरकी पहिलीपेक्षा संथ होती. लोकांना त्यात डौल दिसला. अयोकाला दिसलं ते वेगळंच. कापडांचा सगळा डोलारा एकदा वर चढत होता आणि हळूहळू खाली येत होता, पुन्हा चढत होता. राजवाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये बाजार, मध्ये चढ. हा माणूस तिथवर जिवंत पोचणार नाही, हे तिला जितकं कळत होतं तितकं दुसऱ्या कुणालाही कळत नव्हतं.

बाजाराच्या तोंडाशी वडाची गर्द सावली होती. बाबा तिथवर आले आणि अयोका भिंतीपासून सुटली. वाटेत आडवी जाऊन तिनं गुडघे टेकले आणि घराण्याची स्तुती गायला सुरुवात केली. घरच्या सुनेनं स्तुती गायली तर पूर्वजाला थांबावंच लागतं. आपलं नाव घेणाऱ्याला ओलांडून कुणी बाप जात नाही.

"अराबाच्या झाडा, वादळानं तुझं पान हललं, बुंधा न्हाई. बिबट्यानं वाट पुसली तर तू सांगितलीस, पाहुन्यानं पुसली तर जेवू घातलंस. ज्याच्या ताडीच्या मडक्याला झाकन नव्हतं, त्या बाबा, ऐक..."

तिचा गळा चांगला होता. ढोलवाल्यांनी आपणहून ताल धरला. "बाबा, तुमची सून गाऱ्हानं सांगनार हाय. उभ्यानं ऐकू नका. बसा."

लामिदीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग चटई अंथरली. बाबा अराबा खाली बसले.

अयोकानं गाऱ्हाणं सांगायला घेतलं, आणि सांगतच राहिली. कोंबड्यांच्या खुराड्यातल्या रोगापासून सुरुवात केली. माहेरच्या म्हातारीचे गुडघे, बोसेदेचा कान, शेळी, चुलीचा धूर. प्रत्येकासाठी आशीर्वाद मागितला, आणि प्रत्येकाला बाबा घशातून खरवडले. आधी लोकांनी माना डोलावल्या, मग कुणीतरी म्हणालं, "आता घरातल्या उंदरांचीबी नावं घे," आणि हशा पिकला. ती मात्र कापडांकडे बघत होती. चढ-उतार जरा संथ झाला, तेव्हाच ती वाटेतून उठली.

चढाच्या पायथ्याशी ती पुन्हा आडवी आली.

या वेळी कुणी हसलं नाही. मागून अलाग्बाची काठी जमिनीवर आपटली. मोरेनिके भिंतीपाशी ओरडली, "हिला काय येड लागलंय का? राजा ताटकळलाय तिकडं."

लामिदीनं छडी उगारली. "ऊठ, आमची बायको. ऊन तापलंय. बाबांना जाऊ दे."

"धाकटे धनी, मारायचं तर मारा. माझं गाऱ्हानं ऱ्हायलंय."

छडी तिच्या दंडावर बसली. फार जोरात नाही, पण चारचौघांत बसली. ती हलली नाही. बाबा समोर उभे होते आणि उभ्या उभ्या एका बाजूला कलत होते. कापडांच्या आतून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता. तो तिला रोजचा ओळखीचा होता. आता मात्र तिच्याजवळ सांगायला काही उरलंच नव्हतं. कोंबड्या संपल्या, शेळी संपली, म्हातारीचे गुडघे संपले. उरलं होतं ते एकच, आणि ते तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"बाबा, माझ्या नवऱ्याबद्दल सांगायचं हाय."

ढोलवाले ढोल काखेत धरून जवळ सरकले.

"माझा नवरा परगावी गेलाय. त्याच्या छातीत घरघर हाय. दोन पावलं टाकली की ओठ काळे पडत्यात. पन कुनी काम सांगितलं की न्हाई म्हनायचं त्याला ठाऊकच न्हाई. नाक वर करून निघतो. मागं बायकोचं काय, पोरीचं काय, हे त्याच्या ध्यानात येत न्हाई. असा हट्टी मानूस तुमच्या घरान्यात कसा जन्मला, बाबा? तुम्हीच त्याला सांगा. तुमचं तरी ऐकंल. असल्या वाटंला त्याला पुन्हा कुनी धाडू नये, असा तुमचा शब्द द्या."

बोलता बोलता ती रडायला लागली होती. आडोशानं का होईना, इतक्या वर्षांत नवऱ्याला जे बोलता आलं नव्हतं ते ती सगळ्या गावादेखत त्याला बोलली होती. अलाग्बाचा चेहरा करपलेल्या भाकरीसारखा झाला. पूर्वजाच्या तोंडून निघालेला शब्द घराण्याला पाळावा लागतो; परत घेता येत नाही. बाबा काय म्हणतात याची सगळे वाट बघायला लागले.

घोगरा आवाज उमटलाच नाही. नुसती शीळ, मग तीही नाही, मग पुन्हा शीळ. लामिदी पुढे झाला आणि त्यानं कापडाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. सरळ झाला तेव्हा त्याच्या हातातली छडी खाली गेली होती.

"बाबा म्हनत्यात," तो ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला, "सुनेचं गाऱ्हानं ऐकलं. तिच्या मानसाला पुन्हा त्या वाटंला धाडू नका. बाबा हितूनच राजाला आशीर्वाद देत्यात. बाबा आता घरला निघाले."

दोन पुरुषांनी दोन बाजूंनी कापडं सावरली, म्हणजे बाबांना सन्मानानं नेतात तशी, आणि बाबा अराबा आलेल्या वाटेनं परत फिरले.

ओजेदिरान परगावाहून आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. अयोकानं गुडघे टेकून विचारलं, "प्रवास बरा झाला न्हवं?" तो सरळ अंथरुणावर जाऊन पडला. पुढचे दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिला बोल लावायचा तर आपण तिथं होतो हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून भेंडीच्या कालवणाला बोल लावले. खारट आहे, पातळ आहे, आईच्या हातचं असं नव्हतं. ती ऐकून घ्यायची. कालवण खारट नव्हतंच.

पाऊस आला नाही. बाबा राजवाड्यापर्यंत गेले नाहीत म्हणून आला नाही, असं झऱ्यावर ठरलं. अयोकाची घागर भरायची वेळ आली की बायकांना आपापली भांडी घासायची आठवण व्हायची. ती शेवटी भरायची, तळाचं गढूळ.

मग अलाग्बानं घराण्याची माणसं अंगणात बोलावली. पुरुष बाकांवर, बायका उखळांपाशी. त्यानं आधी अयोकाला उभं केलं.

"त्या दिवशी तू कुनाला थांबवलंस?"

"बाबा अराबांना."

"दुसऱ्या कुनाला न्हाई?"

"दुसरं कोन होतं तिथं?" अयोका म्हणाली.

म्हातारा ओजेदिरानकडे वळला. "अर्धी वाट ऱ्हायलीय. गाव मरतंय. येत्या बाजारच्या दिवशी तुला पुन्हा ओग्बोमोशोला जावं लागंल."

"बाबांनी शब्द दिलाय," लामिदी मागून पुटपुटला.

"तुझ्या कानात मळ हाय. बाबा काय बोलले ते जो जानतो तोच सांगंल." अलाग्बानं ओजेदिरानवरची नजर हलवली नाही. "सांग. जानार न्हवं?"

अयोकाचे हात उखळाच्या काठावर घट्ट झाले. तिला वाटलं, आता हा मान वर करणार आणि होय म्हणणार. तसंच सुरू झालं. ओजेदिरान उठला, छाती पुढे काढली. बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्यानं वाकला. सगळे खोकला थांबायची वाट बघत राहिले. थांबला तेव्हा त्यानं सरळ व्हायचा प्रयत्न केला नाही.

"माझ्यानं होत न्हाई," तो म्हणाला.

"पाय दुखत्यात?"

"दम पुरत न्हाई. मी काय बोललो न्हाई त्या दिवशी..." तो अडखळला आणि शब्द गिळला. "परगावी मी वाटंतच पडनार होतो. पुन्हा गेलो तर पडनार. शेतातले ढीगबी माझे न्हाईत. हिनं घातलेत. सगळे हिनंच घातलेत."

बाकांवरून कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मोरेनिकेनं हळूच अयोकाच्या तळहाताकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

अलाग्बानं तोंडातली कोलाची फोड थुंकली. "लामिदीचा बाप या घरानं पोसलेला, रक्ताचा न्हवं. लामिदीला बाबांची कापडं चालत न्हाईत," तो म्हणाला. "म्हंजी तुझ्यानंतर कुनी न्हाई. बाबा अराबा आता निघायचे न्हाईत, माळ्यावरच ऱ्हातील. आन् तू पुन्हा झाडीत पाऊल टाकायचं न्हाई. दुसऱ्यांचे बाबा निघतील तेव्हा बायकांत उभा ऱ्हा." काठी टेकत तो उठला आणि कुणाचा निरोप न घेता गेला.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या घराण्याचे बाबा निघाले. ढोल वाजले, पोरं छड्या घेऊन धावली. अयोका बोसेदेला घेऊन भिंतीला चिकटली. पुरुष रस्त्याच्या मधोमध पुढे चालले होते, लामिदीही त्यांच्यात होता. ओजेदिरान घराच्या दारात उभा होता. त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आत अंधाऱ्या खोलीकडे. आत जाऊन दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं, कुणी बोलावलं नव्हतं. पण तो बाहेर आला आणि भिंतीकडे चालत आला.

मोरेनिके दुसरीकडे बघायला लागली. अयोकानं पोरीला पलीकडच्या बाजूला घेतलं आणि मधली जागा मोकळी केली. तो तिथं उभा राहिला. कपाळावर घाम होता, आणि तो समोर कुणाकडेच बघत नव्हता.

बाबा जवळ आले तशा बायका ओळीनं गुडघ्यांवर बसल्या. तो एकटाच उभा उरला, भिंतीपाशी, सगळ्या गावाला दिसेल असा. मग त्यानं अयोकाच्या खांद्याचा आधार घेतला आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले. त्याच्या श्वासाची घरघर तिच्या कानाशी येत होती, जात होती, पुन्हा येत होती. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटत होती की बाबा पुढे निघून गेले तरी तिनं मान वर केली नाही.